ओटल्यावरचा झोपाळा: चोमासं (पावसाळा) येतंय, झाकू, उतरवू की पॉलिश मारू?

ओटल्यावरचा | ११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बडोद्यात सध्या दुपारी ओटल्यावर पापड ठेवला तर भाजून निघेल अशी अवस्था आहे आणि मी पावसाची काळजी करत बसलोय, हसू नका.

कारेलीबागेत आमचं जुनं टेनामेंट आहे. पुढे ओटला, त्यावर छज्जा, पण छज्जा जेमतेम चार फूट, त्यामुळे वारा फिरला की पाऊस सरळ आत. तिथे आजोबांचा सागाचा झोपाळा टांगलाय. पाट साडेपाच फूट बाय दोन, दीड इंच जाड, चार पितळी कड्या. आधी दांडिया बाजारातल्या वाड्यात माजघरात होता, वाडा गेला तेव्हा आमच्या हॉलमध्ये आला, मग हॉलमध्ये सोफा आला आणि झोपाळा बाहेर गेला. बाहेर येऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी करडा पडला. गेल्या चोमाशात बोल्टांच्या भोकांभोवती काळे डाग, खालून पांढरी बुरशी, आणि एका टोकाला बोटभर चीर.

सुतार म्हणतो मेलामाइन मारून देतो, चकाचक, आठ हजार. बायको म्हणते ताडपत्री टाका. वडील (वय ८२, रोज सकाळी सहा ते आठ झोपाळ्यावरच) म्हणतात सागाला काही होत नाही, तुम्हीच नाजूक झालात. शिवाय दोन लोखंडी खुर्च्या, एक वेताचा सेट आणि अगाशीवर (गच्चीवर) सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पण मुख्य प्रश्न झोपाळ्याचा. ज्यांनी स्वतः हाताने केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूब बघून झालंय, तिथला माणूस कॅनडात राहतो आणि त्याचा प्रश्न बर्फाचा आहे.

फाफडाप्रेमी | ११ मे, रात्री ९.५२

उतरवा आणि माझ्याकडे आणून टाका. मी मरेपर्यंत सांभाळतो, पावसाळ्यात पण, उन्हाळ्यात पण.

अगाशीवाली | ११ मे, रात्री १०.१५

ताडपत्रीचा अनुभव माझ्याकडून घ्या, फुकट आहे. गोत्रीला आलो तेव्हा अगाशीवर सागाचं टेबल आणि दोन बाकं केली होती, उत्तरायणला पाहुणे येतात तेव्हा उंधियू-जिलेबी ठेवायला. जूनमध्ये निळी ताडपत्री गुंडाळली, चारही बाजूंनी सुतळीने आवळून बांधली, मला माझंच कौतुक वाटलं. नवरात्रात उघडली. सासूबाई मागे उभ्या होत्या. टेबलाच्या सांध्यातून चक्क कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या, दोन मोठ्या आणि एक पिल्लू. सगळं लाकूड ओलसर, वास तळघरासारखा. सासूबाई म्हणाल्या, भाजी करायची का आज याची.

जमिनीतून, स्लॅबमधून वाफ वर येते, ताडपत्रीला आतून लागते, थेंब होऊन परत लाकडावर पडते. चार महिने टेबल आतल्या आतच भिजत होतं. त्यापेक्षा उघडं ठेवलं असतं तर निदान पाऊस थांबल्यावर वाळलं तरी असतं. झाकायचंच असेल तर फक्त वरून, छपरासारखं, बाजू मोकळ्या.

निवांत_नाना | १२ मे, सकाळी ६.१०

तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. आमच्या मागच्या अंगणात सागाचं बाक आहे, चाळीस वर्षं झाली, तेल नाही पॉलिश नाही झाकणं नाही, करडं पडलंय, पण मुलं अजून त्यावर उड्या मारतात. करडा रंग म्हणजे सड नव्हे हो. उन्हाने वरचा अगदी पातळ थर फिका पडतो, एक हात काचपेपर मारा, खाली तोच जुना पिवळा साग. सागाच्या पोटातच तेल असतं, त्याला बाहेरून काय पाजताय? हल्ली सगळ्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी फासायची सवय लागलीय.

सुतारपक्षी | १२ मे, सकाळी ८.३०

नाना, बाकाबद्दल तुमचं पटलं, पण तुमचं बाक आणि यांचा झोपाळा यात फरक आहे. तुमचं बाक पूर्ण उघड्यावर. भिजलं की ऊन-वारा लागून दोन तासांत कोरडं. यांचा झोपाळा अर्धा छज्ज्याखाली, म्हणजे तिरका पाऊस लागतो पण ऊन लागत नाही, खालची बाजू तर कधीच नाही. म्हणून बुरशी खालून आहे, वरून नाही. लाकूड भिजण्याने खराब होत नाही, ओलं राहण्याने होतं.

आता ओटल्यावरचा यांना. मी फर्निचरच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, आता फक्त सल्ले देतो, त्याला मजुरी लागत नाही.

पहिलं, मेलामाइन करू नका. ते घरातलं पॉलिश आहे, काचेसारखा कडक थर. बाहेर लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, थर त्याच्याबरोबर हलत नाही, मग बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही. वर्षभरात पापुद्रे. मग सगळं खरवडायला परत तोच सुतार, परत पैसे. फ्रेंच पॉलिश पण नको, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख), पाणी साचलं की पांढरे डाग. थरच द्यायचा असेल तर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) येतं, उन्हाला टिकणारं, पण तेही काही वर्षांनी काढून परत करावं लागतं.

दुसरा रस्ता तेलाचा. दुकानात सागाचं तेल म्हणून जे मिळतं त्यात साग नावालाच, बहुतेक जवसाचं किंवा टंगचं तेल आणि पातळ करायला टर्पेंटाइनसारखं काहीतरी. तेलाचा थर सोलला जात नाही, फिकं पडलं की वर परत लावा, खरवडायची भानगड नाही. दरवर्षी करावं लागतं, हे खरं. पण वर्षातून एक रविवार.

करायचं असं. पाट खाली उतरवा. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने घासा, आडवं नको. दोन-तीन दिवस सावलीत उभा करून पूर्ण वाळू द्या. मग १२० नंबरचा काचपेपर, मग १८०. तेल अगदी पातळ, पहिला हात तर टर्पेंटाइन निम्मं मिसळून. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं सगळं कापडाने पुसून काढा. इथेच लोक चुकतात, जास्त लावलं म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं, मग चिकट राहतं, धूळ बसते, आणि पावसात त्याच तेलावर काळी बुरशी येते. जवसाचं कच्चं तेल तर बुरशीचं जेवणच. सगळं मेअखेरीस उरका, हवा दमट झाली की तेल सुकता सुकत नाही.

आणि पाटाची दोन टोकं. पाट म्हणजे पेंढीत बांधलेल्या नळ्या समजा, टोकाला त्यांची तोंडं उघडी असतात, पाणी तिथूनच ओढलं जातं. तुमची चीर टोकालाच आहे, बघा. टोकांना तेलाचे तीन-चार हात द्या, पिईल तेवढं पिऊ द्या. चिरेत लांबी (पुट्टी) भरू नका. लाकूड फुगलं की कडक लांबी पाचरीसारखं काम करते आणि चीर वाढते.

फाफडाप्रेमी | १२ मे, सकाळी ८.४१

वर्षातून एक रविवार. तोच ना जो मी गेली सहा वर्षं पंखे पुसायला राखून ठेवलाय?

गंजलेला_गेट | १२ मे, सकाळी ११.०५

लोखंडी खुर्च्यांचं मी सांगतो, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आयुष्य गेलं. गंजावर रंग मारू नका, आधी तारेच्या ब्रशने आणि एमरीने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्रायमर, दुसऱ्या दिवशी इनॅमलचे दोन हात. त्याच दिवशी म्हणतोय, कारण घासलेलं लोखंड एक रात्र दमट हवेत राहिलं तर सकाळी परत तांबूस. वेल्डिंगचे सांधे आधी बघा, गंज तिथूनच सुरू होतो. खुर्ची पाइपाची असेल तर पायांची रबरी बुचं काढून बघा, आत पाणी साचलेलं असतं आणि पाइप आतून खाऊन टाकतं, बाहेरून रंग छान आणि एक दिवस पाय मोडतो. बुचाला खालून एक भोक पाडा, पाणी निघून जाईल.

आणि एक विचारतो, झोपाळ्याचे वरचे हूक कधी बघितलेत का? छताचे? सगळे पाटाबद्दल बोलतायत.

मांडवीची_मावशी | १२ मे, दुपारी ३.२०

वेताच्या सेटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वेताची बैठक खाली झोळ पडली असेल तर गरम पाण्यात मूठभर मीठ घालून, फडक्याने उलट्या बाजूने चांगली भिजवायची आणि मग कडक उन्हात ठेवायची. वेत वाळताना आखडतो, बैठक ताणली जाते. माझी आई असंच करायची, मीही करते, दर होळीनंतर. पावसाळ्यात मात्र वेत बाहेर ठेवूच नका. ओला झाला की काळे ठिपके, ते जात नाहीत. घरात जागा नसेल तर एकावर एक उलट्या करून माळ्यावर.

आणि रिकामा झोपाळा हलवत बसू नका हं मुलांनो, घरात भांडणं होतात.

गंजलेला_गेट | १२ मे, दुपारी ३.४५

मावशी, मिठाच्या पाण्याने वेत ताणला जात असेल, पण त्यातले खिळे? मिठाने लोखंड किती लवकर सडतं ते मी सांगायला नको. साध्या गरम पाण्यानेही वेत आखडतोच की.

मांडवीची_मावशी | १२ मे, दुपारी ४.१०

माझ्या सेटला पितळी खिळे आहेत दादा. जुना माल आहे, तुमच्या जीआयडीसीचा नाही.

फाफडाप्रेमी | १२ मे, दुपारी ४.१२

🙏 मावशी १, जीआयडीसी ०

पुण्यात_हरवलेली | १२ मे, रात्री ८.३०

मावशी, रिकामा झोपाळा हलवू नये हे आमच्या फतेहगंजच्या शेजारच्या बा पण सांगायच्या, गुजरातीत! म्हणजे हे मराठी की गुजराती? पुण्यात कोणाला सांगितलं की आमच्याकडे पाहुणे आले की सोफ्यावर नाही, हिंचक्यावर बसवतात तर लोक बघतच राहतात. इथे बाल्कनीत ती पिंजऱ्यासारखी अंड्याच्या आकाराची खुर्ची टांगतात, एकच माणूस मावतो, तोही मोबाइल बघत. झोपाळा म्हणजे दोघं-तिघं, एकाने पायाने टेका द्यायचा, बाकीच्यांनी फुकट झुलायचं. टेका देणारा नेहमी घरातला सगळ्यात गरीब प्राणी, आमच्याकडे बाबा.

विषयांतराबद्दल सॉरी. भूक लागली सेव-उसळची.

रसायनी | १२ मे, रात्री ९.१५

काळ्या डागांचं गूढ उकलते. कड्या पितळी आहेत म्हणालात, पण पाटातून आरपार जाणारे बोल्ट लोखंडी आहेत ना? लाकडात टॅनिन असतं. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे ते हेच, हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. तर तुमचा झोपाळा गेलं वर्षभर शाई बनवतोय.

उपाय: बोल्ट बदला, पितळी किंवा स्टेनलेस. डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावतात, केमिकलच्या दुकानात पावडर मिळते, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलं आणि कुत्री लांब, नंतर भरपूर पाण्याने धुवा. हलके डाग लिंबानेही थोडे उतरतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सुतारपक्षीकाकांनी लिहिलं नाही. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका!! हे तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. लाकडावर पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते. बोळा करून टाकलेल्या फडक्यात ती आत कोंडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, काडी लागत नाही. आमच्या मावसभावाकडे प्लास्टिकच्या बादलीत फडकी होती, रात्री धुराचा वास आला म्हणून उठले, बादलीचा तळ वितळलेला. बडोद्यातला मे महिना, बंद पत्र्याची खोली, विचार करा. फडकी एकेक करून सुटी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सुतारपक्षी | १२ मे, रात्री ९.५०

रसायनीताई, शंभर टक्के बरोबर. आमच्या कारखान्यात पाण्याचा ड्रम ठेवलेला असायचा फडक्यांसाठी, इतकी सवय की लिहायचंच राहिलं. माझी चूक.

समावासी | १३ मे, सकाळी ७.४०

तुम्ही लोक बुरशीची काय गोष्ट करता. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीने आमची सोसायटीच घेतली होती. धोक्याची पातळी २६ फूट, नदी गेली ३५ च्या वर. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली पाणी छातीएवढं. पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागोमाग एक तरंगत गेटबाहेर निघाल्या, लग्नाच्या वरातीसारख्या. शेजाऱ्यांच्या लोखंडी झोपाळ्याच्या स्टँडखाली मगर होती असं तिसऱ्या मजल्यावरचे सांगतात. मी बघितली नाही, पण वनखात्याची माणसं आमच्या गल्लीत मगर पकडायला आली होती हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून वाद घालत नाही.

पाणी उतरल्यावर काय टिकलं ते सांगतो. प्लायवुडचं सगळं गेलं, पुठ्ठ्यासारखं उलगडलं. एमडीएफ तर बोलूच नका, लापशी. सागाचं बाक आणि आजीचा पाट टिकला. चिखल ओला असतानाच होजने धुतला, वाळला असता तर सांध्यात सिमेंटसारखा बसला असता. आणि उन्हात नाही, सावलीत वाळवला, आठवडाभर. शेजाऱ्यांनी घाईत उन्हात ठेवला, त्यांचा पाट केळीच्या पानासारखा वळला.

अगाशीवाली | १३ मे, सकाळी ८.०५

समावासी, त्या खुर्च्या परत मिळाल्या का? आमच्या नणंदेच्या सोसायटीत चार अनोळखी खुर्च्या वाहत आल्या होत्या, अजून तिथेच आहेत. लाल रंगाच्या.

समावासी | १३ मे, सकाळी ८.१०

आमच्या निळ्या होत्या. पण लाल पण चालतील.

पुण्यात_हरवलेली | १३ मे, सकाळी ८.२५

प्लास्टिकच्या खुर्च्यांचं पण सांगा कोणीतरी, धागा काढणाऱ्यांनी विचारलं होतं. बाबांच्या साठीला मामा अगाशीवरच्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीचे मागचे पाय हळूहळू बाहेर पसरले, मामा स्लो मोशनमध्ये खाली, हातात आइस्क्रीम तसंच. कोणालाच हसू आवरेना आणि हसायची सोय पण नव्हती.

रसायनी | १३ मे, सकाळी ८.४०

उन्हाने प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. खुर्चीवर हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी बोटाला लागली तर ती खुर्ची म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. त्यावर कुठलाही इलाज नाही, पॉलिश नाही. नवीन घ्याल त्या सावलीत रचून ठेवा.

चकलीचं_भोक | १३ मे, सकाळी ११.३०

मी वाचनमात्र होते पण विचारते. आम्ही संखेड्याचा झोपाळा घेतोय, लाल-सोनेरी, गॅलरीत टांगायचाय. चालेल ने?

सुतारपक्षी | १३ मे, दुपारी १२.१५

नाही चालणार ताई. संखेडा इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, तिथल्या खराद्यांचं काम मी जवळून बघितलंय. लाकूड खरादावर (लेथवर) फिरतं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाने लाख वितळून चढते. जी वस्तू उष्णतेने चढते ती उष्णतेने मऊ पण होते. मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत चिकटेल, पावसात पांढरी धुरकट पडेल. ते काम दिवाणखान्याचं आहे, तिथेच शोभतं. पुसायचं पण कोरड्या मऊ फडक्याने, स्पिरिट किंवा थिनर चुकूनही नको.

चकलीचं_भोक | १३ मे, दुपारी १२.२०

🙁 मिस्टरांना हे तुम्हीच सांगा. धागा दाखवते.

ओटल्यावरचा | १८ मे, रात्री १०.३०

मंडळी, आठवडाभर गायब होतो, सॉरी. झोपाळा उतरवला. आणि आता जे लिहितोय ते नीट वाचा.

गंजलेला_गेट यांनी हुकांचं विचारलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही, मी पण नाही. काल पाट काढला म्हणून शिडी लावून कड्याही काढायला गेलो. उजव्या हाताची मागची कडी काढताना हूक हातालाच विचित्र लागला. टॉर्च लावला. खालून बघितलं तर हूक जाडजूड, रंगवलेला, काही दिसत नाही. पण जिथे कडी बसते ती आतली बाजू घासून घासून खोबण पडलीय, बशीसारखी गुळगुळीत, चमकणारी. शेजारच्यांकडे व्हर्नियर होता. सळी १६ मिलीमीटरची, त्या जागी उरलीय ९. डाव्या हाताचे दोन्ही हूक १३-१४. उजवीकडे जास्त का घासलं हे मला लगेच कळलं, कारण वडील रोज उजव्या कोपऱ्यातच बसतात आणि डाव्या पायाने टेका देतात, झोका तिरका जातो.

मी पाटाच्या पॉलिशसाठी धागा काढला होता आणि माझा ८२ वर्षांचा बाप रोज दोन तास अर्ध्या उरलेल्या हुकावर झुलत होता. रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

गंजलेला_गेट | १८ मे, रात्री १०.५५

बरं झालं बघितलंत. मी पण आमच्याकडे एकदा पडल्यावरच शिकलो, म्हणून विचारलं होतं.

कड्यांच्या साखळीतले दुवेही बघा, एकात एक अडकतात ती जागा, पितळ लोखंडापेक्षा मऊ. आणि झोपाळ्यावर वजन नुसतं टांगलेलं नसतं, झोका खाली येताना ताण वाढतो. तीस अंशांपर्यंत झोका गेला तर सगळ्यात खालच्या जागी सव्वापट. मुलं उभी राहून हाणतात तेव्हा आणखी. त्या हुकावर वेल्डिंगचा थर चढवून काम भागवू नका. नवीन हूक, स्लॅबमधून आरपार बोल्ट, वर प्लेट आणि नट. हूक आणि कडी यांच्यात बेअरिंग असलेला जोड मिळतो तो घाला, म्हणजे धातूवर धातू घासणार नाही आणि करकर पण थांबेल. आणि दर दिवाळीला कडी उचलून आतली बाजू बघायची, खालून बघून उपयोग नाही.

मांडवीची_मावशी | १८ मे, रात्री ११.१०

देवाची कृपा. वडिलांना सांगितलंत का?

ओटल्यावरचा | १८ मे, रात्री ११.१४

सांगितलं. म्हणाले, हूक लोखंडाचा होता ना, सागाला कुठे काय झालंय.

फाफडाप्रेमी | १८ मे, रात्री ११.१५

😂😂 काकांना फोरमवर आणा.

अगाशीवाली | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतेय. ओटल्यावरचा, पाऊस संपला, झोपाळ्याचं काय झालं? आमच्या टेबलाला मी या वर्षी फक्त वरून पत्रा टाकला, बाजू मोकळ्या. या वेळी भाजीचा मेनू नाही.

ओटल्यावरचा | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

अगाशीवाली, आठवण ठेवलीत, थँक यू.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं केलं. नवे चार हूक, आरपार बोल्ट. पाटाचे बोल्ट स्टेनलेसचे. ऑक्झॅलिकने काळे डाग ८० टक्के गेले, एक राहिलाय, बायको म्हणते राहू दे, आजोबांची सही. तेलाचे तीन हात, टोकांना पाच. कड्या वडिलांनी स्वतः चिंच आणि मिठाने घासल्या, दोन दिवस लागले, मला हात लावू दिला नाही.

ताडपत्री नाही टाकली. उतरवूनही नाही ठेवला, कारण एक जमलं. पाट आणि कड्या यांच्यामध्ये आता शॅकल (पिन काढता येणारे यू आकाराचे जोड) आहेत, चार पिना काढल्या की पाट सुटा. जोराचा पाऊस असेल तेव्हा पाट पॅसेजमध्ये भिंतीला उभा, खाली दोन फरशीचे तुकडे, म्हणजे टोक पाण्यात नाही. पाच मिनिटांचं काम. चोमाशात असं अकरा-बारा वेळा केलं असेल. पाऊस उघडला की वडील काठी आपटतात, म्हणजे लावा परत.

निकाल: खालून बुरशी नाही. एका कोपऱ्यात मात्र काळे ठिपके आलेत, आणि का ते मला माहितीये, फोन आला म्हणून तिथलं तेल पुसायचं राहिलं होतं. पहिले दोन महिने तो कोपरा चिकट होता, वडिलांच्या दोन लेंग्यांना डाग. चीर वाढली नाही. लोखंडी खुर्च्यांपैकी एकीच्या पायातून खरंच वाटीभर तांबडं पाणी निघालं. वेताचा सेट मावशींच्या पद्धतीने केला, खिळे लोखंडी निघाले म्हणून मिठाशिवाय, तरी बैठक बऱ्यापैकी ताणली गेली.

मांडवीची_मावशी | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

मिठाने अजून छान झालं असतं.

रसायनी | ११ ऑक्टोबर, दुपारी १.००

फडक्यांचं काय केलंत?

ओटल्यावरचा | ११ ऑक्टोबर, दुपारी १.२०

पाण्याच्या बादलीत. बादली ओटल्याच्या बाहेर. रात्री दोनदा उठून बघून आलो.

फाफडाप्रेमी | ११ ऑक्टोबर, दुपारी १.४५

आणि काका काय म्हणतात आता?

ओटल्यावरचा | ११ ऑक्टोबर, दुपारी १.५२

आज सकाळी बसले होते. पाटावर हात फिरवला, म्हणाले, बघ, तुला सांगितलं होतं ना, सागाला काही होत नाही.

निवांत_नाना | ११ ऑक्टोबर, दुपारी २.०५

वडिलांना माझा नमस्कार सांगा.